पुढच्या पानाचा पहिला शब्द

काका गेले आणि माझ्याकडे त्यांचं 'जायफळ' राहून गेलं.

जायफळ म्हणजे नुसता शब्द. काकांना एक खोड होती. बोलणं संपवून उठताना ते उद्या जे बोलायचं त्याचा पहिला शब्द आजच सांगून ठेवत. जिन्याच्या दोन पायऱ्या चढायच्या, वळायचं, बोट वर करायचं आणि म्हणायचं, "काजळी." की चालले वर. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी काही प्रस्तावना न करता "काजळी आणि जवसाचं तेल, एवढीच ती शाई..." असं सुरू. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, घरमालक सटकलेला आहे. मग त्यांनीच एकदा समजावून सांगितलं. अडीचशे वर्षांपूर्वी लंडनच्या छापखान्यांत प्रत्येक पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द छापून ठेवत. पानं लावणाऱ्याचा क्रम चुकू नये म्हणून.

"माणसांच्या बोलण्यात ही सोय नाही," काका म्हणाले. "म्हणून लोक रोज भेटतात आणि रोज पुन्हा हवापाण्यापासून सुरू करतात."

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत त्यांच्या तळघरात आम्ही पाच वर्षं भाड्याने राहिलो. नवरा सकाळी सातला कंपनीत जायचा. मी नागपूरला चांगली शिकवत होते कॉलेजात, आणि इथे येऊन व्हिसावर 'डिपेंडंट' झाले होते. नोकरी करायला परवानगी नाही, गाडी एकच, ती नवऱ्याकडे. खिडकीतून फक्त काकांच्या गुलाबाचे बुंधे दिसत. काकांनी एकदा माझा तो व्हिसाचा कागद पाहिला, नाकाजवळ नेऊन हुंगला आणि म्हणाले, "साधी लेझर प्रिंटरची पूड आहे. आणि तुझीही 'अ लेडी' करून टाकलेली दिसते."

हुंगण्याचं आधी सांगते. काका तीस वर्षं शाईच्या कारखान्यात केमिस्ट होते. त्यामुळे कोणताही छापील कागद हातात आला की आधी वास, मग मजकूर. दुकानाची जाहिरात असो, लग्नपत्रिका असो की वीजकंपनीचं पत्र. मंडळाच्या गणपतीत कुणी आरत्यांचं पुस्तक हातात दिलं की काका डोळे मिटून ते हुंगत आणि बाजूचे लोक म्हणत, बघा, काय भक्ती आहे. काकू मागून हळूच म्हणायच्या, "शाई सोयाबीनची का हो?" आणि काका गंभीरपणे मान हलवायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गॅरेजमध्ये एक हाताने दाबायचं छपाईचं यंत्र आणून ठेवलं. गाडी बर्फात, यंत्र आत. दर हिवाळ्यात काका गाडीवरचा बर्फ खरवडताना दिसत आणि शेजारचा गोरा माणूस गॅरेजकडे बोट दाखवून हसे. काका त्यालाही हात करत.

'अ लेडी'चं प्रकरण असं. जुन्या काळी इंग्लंडात बायका पुस्तकं लिहीत. बाळंतिणीने म्हणायच्या प्रार्थना, लोणची-मुरांबे कसे घालावेत, मोलकरणीला कसं वागवावं, मुलांसाठी गोष्टींच्या तळहाताएवढ्या चोपड्या, वरून फुलाफुलांचा सोनेरी कागद लावलेल्या. छापणारे ती पुस्तकं छापून गब्बर व्हायचे. पहिल्या पानावर लेखिकेच्या जागी एवढंच असायचं: 'बाय अ लेडी'. एका बाईकडून. आणि खाली छापणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत.

"नाव, गाव, गल्ली, देवळाच्या कुठल्या बाजूला, दुकानावर पाटी कसली," काका बोटं मोजत सांगायचे. "छापणाऱ्याचा पत्ता पोस्टमन आजही शोधून काढील. आणि जिने लिहिलं तिचं काय? तर 'अ'. एक अक्षर!"

काही छापखाने तर विधवा चालवत. नवरा मेला, बाईने यंत्र हाती घेतलं, वीस-वीस वर्षं पुस्तकं काढली, आणि पानावर छापलं 'अमुकची विधवा'. यावर काका अर्धा तास बोलू शकत. महिन्यातून दोनदा ते बसने न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात जात, तीनदा हात धुऊन ती जुनी पुस्तकं उघडत आणि 'अ लेडी'मागची बाई शोधत. डबा बाहेर पायरीवर बसून खात. बुटांच्या खोक्यांत कार्डं होती, प्रत्येक पुस्तकाचं एक. छापणाऱ्याचं नाव निळ्या शाईने, आणि बाईच्या नावाची जागा कोरी. मी आले तेव्हा अकरा खोकी कार्डं होती आणि भरलेल्या जागा चार.

पाचवी सापडली तो दिवस मला आठवतो. प्रार्थनेच्या एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कुणा भाचीने पेनाने लिहून ठेवलं होतं की हे माझ्या आत्याने लिहिलं, आणि आत्याचं पूर्ण नाव. काका ग्रंथालयातून थेट एडिसनला गेले, ओक ट्री रोडवरून तीन पौंड पेढे आणले आणि गल्लीतल्या दारोदारी वाटत सुटले, "बाई सापडली, बाई सापडली!" पलीकडच्या गुजराती काकूंनी मला फोन करून घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, "ये उमर में?"

घरी आमच्या काकूंनी पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "अभिनंदन. दुसऱ्यांच्या बायका बऱ्या सापडतात तुम्हाला."

काका पेढ्याचा खोका हातात धरून उभेच राहिले. मग गॅरेजमध्ये निघून गेले. त्या दिवशी त्यांनी उद्याचा शब्द दिला नाही.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी ओट्याखालचा खण उघडून, तव्याखालून एक पुस्तिका काढली. चाळीसेक पानं, पिवळी पडलेली, कडांना तेल. 'नव्या सुनांसाठी चार गोष्टी'. अमेरिकेत आल्यावरच्या पहिल्या वर्षांत, मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असताना, काकूंनी नवीन येणाऱ्या मुलींसाठी लिहिली होती. पुरण कशात वाटावं, डॉक्टरला पोट दुखतंय हे इंग्रजीत कसं सांगावं, वाळू नसेल तर हरतालिकेची पिंड मिठाची कशी करावी, पोरांना झोपवताना सांगायच्या सहा गोष्टी. काकांनी कारखान्यातल्या मित्राकडून ती छापून घेतली आणि घरोघर पोचवली. मी पहिलं पान उघडलं.

'एका गृहिणीकडून.' आणि खाली ठळक अक्षरांत, मुद्रक व प्रकाशक, काकांचं संपूर्ण नाव, पदवीसकट, घरच्या पत्त्यासकट.

"मी तेव्हा विचारलं होतं, माझं नाव राहिलं का हो म्हणून," काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, अगं, असंच बरं दिसतं, सगळ्यांना माहीतच आहे." त्यांनी पुस्तिका पुन्हा तव्याखाली सारली. "माहीत असणाऱ्यांतले निम्मे गेले आता."

तेव्हा मला त्या अकरा खोक्यांचा अर्थ कळला. काका लंडनच्या बायका शोधत नव्हते. एका चुकीभोवती फिरत होते आणि मधोमध जायचं धाडस होत नव्हतं.

ते धाडस त्यांना काकूंच्या विसरण्याने दिलं. काकू आधी चष्मा विसरल्या, मग गॅस, मग आपल्या मुलीचं गाव. मुलगी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होती, मोठ्या कंपनीत, रोज फोन करायची. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "वाचता येतंय ना पण? वाचता येतंय तोवर करायला पाहिजे." ती पुस्तिका पुन्हा छापायची, स्वतःच्या हाताने, पहिल्या पानावर तिचं नाव घालून. आणि ते तिने वाचायचं. एवढीच त्यांची इच्छा होती.

त्याला मराठी खिळे हवेत. म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं. सांगलीचा एक बंद पडलेला छापखाना ते विकायला तयार होता, पण आणणार कोण? मग भारतात जाणाऱ्या प्रत्येकाला काका गाठू लागले. "येताना दोन किलो जागा ठेव." लोक मेतकूट, भाजणी, लोणची आणतात, काकांना शिसं हवं. मंडळातली माणसं काकांना पाहून दुसऱ्या रांगेत जाऊ लागली. माझ्या सासूबाईंनी मात्र चकलीच्या डब्यात भरून आणले, वर चार चकल्या पसरून. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने डबा उघडला, एक खिळा उचलून उजेडात धरला आणि विचारलं, हे काय? सासूबाईंना इंग्रजी फारसं येत नाही. त्या म्हणाल्या, "लँग्वेज." त्याने सोडलं.

काकांनी खिळे जुळवायला घेतले. उलटं अक्षर, उजवीकडून डावीकडे वाचायचं. मलाही शिकवलं. दिवसाला चार ओळी व्हायच्या. वेलांट्या कमी पडल्या की काम थांबायचं, कुणी सांगलीहून येईपर्यंत. तीन महिन्यांत सहा पानं जुळली. सुतळीने बांधून टेबलावर ओळीने ठेवलेली.

एका दुपारी काका औषधं आणायला गेले होते. मी वर गेले तर काकू स्वयंपाकघरात नव्हत्या. गॅरेजचं दार उघडं. आत काकू जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचं ताट. सहाही पानांच्या सुतळ्या सोडलेल्या. त्या खिळे निवडत होत्या. तांदूळ निवडावेत तसे, बोटाने एकेक बाजूला सारत, मधूनच एखादा उचलून खडा म्हणून फेकत.

"ये," मला पाहून म्हणाल्या. "फार खडे आहेत गं ह्या तांदळात. इथलं सामान असंच."

तेवढ्यात काका आले. तीन महिन्यांचं काम त्या ताटात पडलेलं त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता ओरडणार. काकांनी औषधाची पिशवी दाराला अडकवली, गुडघे धरून हळूहळू खाली बसले आणि ताटाच्या दुसऱ्या बाजूने निवडायला लागले.

"पंगत किती वाजता आहे?" काकूंनी विचारलं.

"अवकाश आहे अजून," काका म्हणाले.

मी तिथून बाहेर आले आणि ड्राइव्ह-वेवर उभी राहून रडले.

थंडीत काकू एकदा चपलांवरच शाळेत जायला म्हणून निघाल्या आणि हायवेच्या कडेला सापडल्या. मुलगी विमानाने आली. "बाबा, शी नीड्स प्रॉपर केअर. यू कान्ट डू धिस अलोन," ती म्हणाली, आणि तीही रडत होती. काकूंना अर्ध्या तासावरच्या एका केंद्रात ठेवलं. तोवर मला कामाची परवानगी मिळाली होती, जुनी गाडीही घेतली होती. काकांचं ड्रायव्हिंग मुलीने बंद केलं होतं. म्हणून शनिवारी मी त्यांना घेऊन जायची.

काकांनी सहा पानांचा नाद सोडला. आधी फक्त पहिलं पान करायचं ठरवलं. 'नव्या सुनांसाठी चार गोष्टी', त्याखाली 'लेखिका', त्याखाली काकूंचं नाव, अनुराधा, मग काकांचं, मग आडनाव. जाड कागद, उत्तम छाप. शनिवारी ते घेऊन आम्ही गेलो. काकूंनी कागद हातात धरून एकेक अक्षर नीट वाचलं.

"कोण ह्या?" त्यांनी विचारलं. "बऱ्या लिहितात का?"

"फार छान लिहितात," काका म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला. "एवढी खोकी भरली," एवढंच बोलले.

पुढच्या शनिवारी आम्ही तिथे असताना काकूंच्या धाकट्या भावाचा चिपळूणहून व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन काकूंपुढे धरला. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. अनुराधा म्हणून नर्सने दोनदा हाक मारली, काकांनी मारली, मान वळली नाही. फोनमधून भाऊ ओरडला, "ए द्वारके!"

काकू झटकन वळल्या. "काय रे? ओरडतोस कशाला?"

काकांनी फोन माझ्यापुढे केला. मी तो घेतला.

परतताना त्यांनी मला सांगितलं. लग्नात काकूंचं नाव त्यांनी बदललं होतं. द्वारका हे जुनाट वाटलं होतं त्यांना, मित्रांमध्ये सांगायला लाज वाटली असती. मग आपल्याकडे करतात तसं, ताटात तांदूळ पसरून, अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं. अनुराधा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"ती माझी पहिली छपाई," काका म्हणाले. "तिला विचारलंसुद्धा नाही गं."

खोटं कशाला सांगू? मला तेव्हा त्यांचा रागही आला होता आणि त्यांना एकटं घरी सोडवतही नव्हतं. मी वर जाऊन वरण-भात लावला आणि त्यांच्यासमोर बसून राहिले.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. पान नव्याने जुळवलं होतं. मी उलटं वाचलं. लेखिका: द्वारका महादेव मोघे. शाळेच्या पटावर असेल तसं, वडिलांच्या नावासकट. त्याखाली काहीच नव्हतं.

"खाली छापणाऱ्याचं नाव?" मी विचारलं.

"पुष्कळ वाचली छापणाऱ्यांची नावं," काका म्हणाले. "दे तो कागद."

घाईत त्या दिवशी शाई थोडी जाड बसली. ते मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणारच, पण शनिवारपर्यंत थांबायची त्यांची तयारी नव्हती. तशीच सुट्टी टाकून मी त्यांना घेऊन गेले.

काकू कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. काकांनी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि चार पावलं मागे येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. काकूंनी चष्मा सारखा केला. वरची ओळ मनात वाचली. मग मोठ्याने, प्रत्येक शब्द सुटा करत वाचलं.

"द्वारका. महादेव. मोघे."

त्या ताठ बसल्या. उजवा हात वर गेला.

"हजर," त्या म्हणाल्या.

काकांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नंतर वळ दिसत होते. काकूंनी हात खाली घेतला आणि आमच्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

पन्नासाहून अधिक वर्षं संसार केलेला माणूस माझं मनगट सोडून एक पाऊल पुढे झाला. मग म्हणाला, "मी छापणारा."

काकूंनी अक्षरांवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं. "शाई जरा जास्त झालीये."

आयुष्यभर शाईच केलेल्या माणसाला! मी हसले आणि रडलेही. काका मात्र दोन्ही हात जोडून म्हणाले, "हो बाई. पुढच्या वेळी कमी लावतो." काकूंना ते 'बाई' म्हणू लागले, 'तुम्ही' म्हणू लागले, ते त्या दिवसापासून.

त्यानंतर सात महिने काका दर शनिवारी तेच पान नव्याने छापून न्यायचे. काकू नवऱ्याला ओळखत नव्हत्या, पण छापणाऱ्याला ओळखायला लागल्या. आम्ही दारात दिसलो की नर्सला सांगायच्या, "छापणारे आलेत, खुर्ची द्या." मग कागद उजेडाला धरून दोष काढायच्या. इथे फिकट, तिथे तिरकं. काका मान खाली घालून ऐकायचे आणि घरी येऊन दुरुस्त करायचे. ते दुःखात होते हे मला माहीत आहे. पण शनिवारसाठी ते गुरुवारीच शर्टाला इस्त्री करून ठेवत हेही मी पाहिलं आहे.

फेब्रुवारीत एकदा चहा झाल्यावर ते जिन्याच्या दोन पायऱ्या चढले, वळले, बोट वर केलं. "जायफळ." दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजमध्ये खुर्चीत बसलेले सापडले. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा.

मुलगी आली. आवरायला तिला मदत करत होते तेव्हा यंत्राशेजारी खिळे जुळवायची पट्टी दिसली, त्यात एकच ओळ लावलेली. तिला मराठी वाचता येत नाही. "व्हॉट डझ इट से?" तिने विचारलं.

मी उजवीकडून डावीकडे वाचलं. 'जायफळ इथे मिळते. वेलदोडे मात्र येताना आणावेत.' पुस्तिकेच्या दुसऱ्या पानाची पहिली ओळ. पहिलं पान काकूंच्या पसंतीला उतरलं असावं, म्हणून काकांनी पुढचं घेतलं होतं. मी तिला इंग्रजीत सांगितलं. ती हसली, मग त्या खुर्चीच्या पाठीवर डोकं ठेवून रडू लागली.

शनिवारी मी एकटीच केंद्रात गेले. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. काकूंनी माझ्या मागे दाराकडे पाहिलं.

"छापणारे नाही आले?"

"पुढचं पान जुळवताहेत," मी म्हटलं.

काकूंनी मान डोलावली. "सावकाश करू देत," त्या म्हणाल्या. "घाई केली की त्यांची शाई जास्त होते."